घटक-वयोगट पद्धती

लोकसंख्येचे भावी आकारमान वयोगटांनुसार काढण्याची लोकसंख्याशास्त्रातील प्रमुख रीत. एकूण आकड्याला ठोक वाढीचा दर न लावता स्त्री-पुरुषांचे सहसा पाच-पाच वर्षांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाचे मृत्यू, स्थलांतर व स्त्रियांच्या वयानुसार होणारे जन्म वेगवेगळे मोजतात. एडविन कॅनन या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये इंग्लंड-वेल्ससाठी असा अंदाज बांधला; पी. एच. लेस्ली यांनी १९४५ मध्ये हाच हिशेब मॅट्रिक्सच्या रूपात मांडला.

माणसे जास्त जगू लागली म्हणून समाज म्हातारा होतो, हा समज वयोगटांच्या या हिशेबात अपुरा ठरतो. मृत्युदर घटू लागतो तेव्हा आधी तान्ही मुले वाचतात आणि लोकसंख्या उलट तरुण होते. तिला वार्धक्याकडे नेतो तो मुख्यतः घटता जननदर, हे लोकसंख्याशास्त्रज्ञ अँस्ली कोल यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिले. बालमृत्यू जवळजवळ संपल्यावर मात्र वृद्धांचे वाढलेले आयुष्यही भर घालते. पिढीची जागा पिढीने घ्यायला दर स्त्रीमागे सुमारे २.१ मुले लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आणि गोव्याचा १.३ आढळला.

स्थलांतर हा या पद्धतीतला सर्वांत कच्चा दुवा. जन्म-मृत्यूची नोंद होते, गाव सोडणाऱ्याची होत नाही. कोकणात तर सारे त्यावरच ठरते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे ५ टक्क्यांनी, सिंधुदुर्गची २ टक्क्यांनी घटली. समजा, एखाद्या तालुक्यात २०–२४ वयाच्या १,००० स्त्रिया आहेत. पाच वर्षांनी त्यांतल्या ९९५ हयात असतात, पण २५० जणी नोकरीसाठी किंवा लग्न होऊन मुंबई-पुण्याला गेलेल्या असतात. पुढच्या गटात उरतात ७४५, आणि जन्मांचा हिशेब या घटत्या संख्येवरच होतो. गेलेल्यांची मुले शहराच्या खात्यात पडतात. त्याच वेळी निवृत्त चाकरमानी परततो आणि साठीपुढच्या रकान्यात भर पडते. इथे शाळा व दवाखान्यांचे नियोजन राज्याच्या सरासरीवर करणे चुकीचेच.

राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाने मुख्यतः याच पद्धतीने २०११–२०३६ चे राज्यवार अंदाज केले. त्यांनुसार २०३६ मध्ये देशात दर १०० जणांत सुमारे १५ आणि केरळात २३ जण साठीपुढचे असतील. या अंदाजांचा पाया २०११ ची जनगणना आहे; २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही.