बाबासाहेबांच्या दोन डॉक्टरेट, आणि 'पीएच.डी.' या शब्दाचा घोळ

विचुंब्यात माझ्या आजूबाजूला एम.एस्सी. करणारी बरीच मुलं राहतात. परदेशी पीएच.डी.चा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: युनिव्हर्सिटी कोणती बघू? माझं म्हणणं, आधी देश बघा. त्या देशात 'पीएच.डी.' म्हणजे नेमकं काय करून घेतात ते बघा. पटत नसेल तर डॉ. आंबेडकरांचा प्रवास समोर ठेवा. विषय अर्थशास्त्र असला तरी आपल्याला त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

1913 साली ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. हातात मुंबईची बी.ए. होती. तिथे त्यांनी काय केलं? एकट्या अर्थशास्त्राचे 29 कोर्स, इतिहासाचे 11, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. 1915 मध्ये एम.ए. मिळाली. अमेरिकन पद्धत ही अशी, आधी भरपूर वर्ग, मग प्रबंध. ही पद्धत अमेरिकेने बरीचशी जर्मनीकडून उचलली होती. त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन स्वतः जर्मनीत शिकून आलेले.

1916 मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आले, सेलिग्मन यांचं शिफारसपत्र घेऊन. आणि आता गंमत बघा. त्या वर्षी इंग्लंडमध्ये पीएच.डी. नावाची पदवीच नव्हती! ऑक्सफर्डने तशी पदवी 1917 मध्ये आणली, बाकीची विद्यापीठं तिच्या मागून आली. त्यामागे एक कारण परदेशी विद्यार्थ्यांचंच होतं. महायुद्धाआधी अमेरिकन मुलं डॉक्टरेटसाठी जर्मनीला जात. त्यांना आपल्याकडे वळवायचं तर त्यांना हवी ती पदवी द्यायला हवी, हे ब्रिटिशांच्या लक्षात आलं. म्हणजे प्रवेशाचे नियम काही दगडावरची रेघ नसतात.

पण बाबासाहेबांना जुनीच शिडी चढावी लागली. कोलंबियात डॉक्टरेटच्या प्रबंधापर्यंत पोचलेला हा विद्यार्थी, लंडनमध्ये नाव मात्र मास्टर्सला. त्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीसाठी परतावं लागलं. लंडनने अभ्यास पुरा करायला चार वर्षांची सवलत दिली, हे नशीब. ही सवलत मागून घेतलेली होती, हे लक्षात ठेवा. नियमात काय मागता येतं हे विचारायला आपली मुलं उगाच लाजतात. मग सिडनॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज घेतलं, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी.

आजही हा फरक पुसला गेलेला नाही. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. पहिली एक-दोन वर्षं कोर्स आणि मग पात्रता परीक्षा. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी तीन-चार वर्षांत काम संपवायचं असतं, त्यामुळे बऱ्याच विषयांत संशोधनाचा आराखडा अर्जासोबतच मागतात. जर्मनीत अनेकदा आधी मार्गदर्शक गाठावा लागतो, नोंदणी नंतर. तेव्हा एकच एस.ओ.पी. तिन्हीकडे पाठवू नका, प्लीज.

आणि शेवटच्या पायरीचे नियमही आत्ताच वाचून ठेवा. कोलंबियात तेव्हा प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा केल्याशिवाय पीएच.डी. हाती पडत नसे. छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनमध्ये 1925 साली छापून निघाला, सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. कोलंबियाची पदवी मिळाली 1927 मध्ये, न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी.