पाटणच्या शिलालेखांतील शकाचा अंक

जुन्या लेखांत शकाचा आंकडा स्पष्ट वाचतां आला म्हणजे कालनिर्णय झाला, असा समज संग्राहकांत सर्वत्र आढळतो. तो समज किती अपुरा आहे, हें दाखविण्यास खानदेशांतील एकच शिलालेख पुरेसा आहे.

चाळीसगांवाच्या दक्षिणेस डोंगराच्या पायथ्याशीं पाटण हें ओसाड गांव आहे. तेथील देवीच्या देवळांतील लेख डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम प्रसिद्धीस आणिला व पुढें किलहॉर्न यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत पुन्हां संपादिला. भास्कराचार्यांचा नातू व यादव सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव यानें आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणि आदि ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें, असा त्यांतील मजकूर. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठींत असल्यानें भाषाभ्यासकांसहि तो मोलाचा वाटतो. दानाची मिति शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणसमय अशी आहे.

११२८ त ७८ मिळवून इ. स. १२०६ असें वर्ष कांहीं पुस्तकांत छापिलें जातें. परंतु मितीचीं इतर अंगें या बेरजेस मान्यता देत नाहींत. शकांत १२ मिळवून ६० नीं भागिलें असतां जी बाकी उरते, तो दक्षिणेकडील गणनेनें संवत्सराचा क्रमांक होय. ११२८ व १२ मिळून ११४०. बाकी शून्य, म्हणजे साठावा क्षय संवत्सर. पहिला प्रभव येण्यास शके ११२९ पाहिजे.

येथें कोणी म्हणेल कीं, ११२८ हें वर्ष गत नसून वर्तमान असेल. ही शंका योग्य आहे. आपल्या ज्योतिषांत वर्षांची गणना सरलेल्या वर्षांवरून करितात. शकारंभीं कलियुगाचीं ३१७९ वर्षें सरलीं होतीं, हें भास्कराचार्यांनींहि सांगितलें आहे. आणि पंचांगांतील शकहि गतच असतो. तथापि कांहीं लेखांत चालू वर्षाचा अंक घातलेला आढळतो. पण ती रीत येथें धरिली तर काळ आणखी एक वर्ष मागें जाऊन क्रोधन संवत्सर येतो, व प्रभव अधिकच दुरावतो.

आतां ग्रहण पाहूं. इ. स. १२०६ ची श्रावणी पौर्णिमा जुलैच्या उत्तरार्धांत पडते, व त्या वर्षीं ग्रहणाचा संभव ऑगस्टच्या अखेरीच्या सुमारास होता. सूर्य राहुकेतूंपासून महिनाभराच्या गतीइतका दूर असतां चंद्रग्रहण होणें शक्य नाहीं. इ. स. १२०५ चीहि गोष्ट तीच. उलट इ. स. १२०७ मध्यें श्रावणी पौर्णिमा ९ ऑगस्टला येते व ग्रहणहि घडतें. हाच दिवस अभ्यासकांनीं स्वीकारिला आहे. संवत्सराचें नांव आणि आकाशांतील ग्रहण हे दोन स्वतंत्र साक्षी एकमुखानें शके ११२९ सांगतात. एकटा आंकडा त्यांच्या विरुद्ध आहे. चूक मसुद्यांतली असो वा कोरणाराच्या हातची असो, ती आंकड्यांत आहे. ज्योतिषाच्या मठाच्या दानलेखांतहि एक अंक चुकतो, तर सामान्य दस्तऐवजाविषयीं काय बोलावें?

आंकडे नेहमींच चुकतात, असें आमचें म्हणणें नाहीं. फारूकींच्या खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशांत आहे. तेथील जामा मशिदींत एक संस्कृत लेख आहे. त्यांत संवत् १६४६, शके १५११ व विरोधी संवत्सर हीं तिन्हीं दिलीं असून तीं परस्परांशीं जुळतात. वरील रीतीनें १५११ ची बाकी २३ येते, व तेविसावा संवत्सर विरोधीच होय.

आंकडा बरोबर असूनहि त्याचा आरंभ अज्ञात असला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण धुळें जिल्ह्यांतील शिरपूरचें आहे. तेथें महाराज रुद्रदासाचा ताम्रपट मिळाला. त्याच मालिकेंतील भुलुंडाच्या ताम्रपटावर १०७ हें वर्ष आहे. संवताचें नांव मात्र नाहीं. म. म. मिराशी यांनीं इ. स. २४८-४९ च्या सुमारास सुरू होणारा कलचुरि संवत् धरिला. १९८२ सालीं बाघ येथें २७ ताम्रपटांचा निधि सांपडल्यावर त्याचे संपादक रमेश व तिवारी यांनीं गुप्त संवत् मानिला; त्याचा आरंभ इ. स. ३१९-२० चा. एकाच १०७ या अंकानें एका मतें चवथें शतक, दुसऱ्या मतें पांचवें! सुमारें सत्तर वर्षांच्या या अंतरावर ते राजे कोणाचे मांडलिक होते हा प्रश्न अवलंबून आहे.

मराठी कागदांत हा घोटाळा घरोघरीं आहे. अर्बा तिसैन मया व अलफ म्हणजे शुहूर सन ११९४. मृगापासून डिसेंबरअखेर त्यांत ५९९ व पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. त्याच सालास दक्षिणी फसली १२०३ म्हणतात. तेथें ५९० व ५९१ मिळवावे लागतात. सन कोणता हें न पाहतां आंकडा घेतला तर नऊ वर्षांची चूक ठेवलेली.

म्हणून खानदेशांतील संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, नक्कल करितांना मितीचें एकहि अंग गाळूं नये. संवत्सर, मास, पक्ष, तिथि, वार, ग्रहण, चंद्राचा आंकडा, सनाचे अरबी शब्द, सर्व जसेंच्या तसें उतरावें. आंकडा चुकीचा वाटला तरी तो मूळांत सुधारूं नये, शेरा निराळा लिहावा. पाटणच्या लेखाची नक्कल करणारानें ‘प्रभव’ व ‘चंद्रग्रहण’ हे शब्द निरुपयोगी म्हणून सोडिले असते, तर शके ११२८ ची चूक आज आपणांस कधींच कळली नसती.