मन सावरायला योग कुठे उपयोगी पडतो, कुठे पुरत नाही

२१ जूनला मैदानं भरतात, चटया अंथरल्या जातात, फोटो निघतात. २२ जूनला सगळं जैसे थे. हौसेपुरतं हे ठीक आहे. पण ताण, भीती, अपमान, घरातला मृत्यू अशा वेळी मन सावरून धरायचं असेल, तर वर्षातून एकदाच्या योगाचा काही उपयोग नाही. धक्का बसूनही पुन्हा ठिकाणावर येण्याची मनाची ताकद पिग्मीसारखी रोज थोडी थोडी साठवावी लागते. नड आली त्याच दिवशी खातं उघडायला गेलं तर हाती काय येणार?

पतंजलींची यादी

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांविषयी फार थोडं आहे, मनाविषयी भरपूर. पहिल्याच पादात मन विचलित करणाऱ्या नऊ अडथळ्यांची यादी येते. आजारपण, संशय, आळस, हाती आलेली स्थिरता टिकवता न येणं, असे ते अडथळे. त्यांच्याबरोबर चार गोष्टी येतात असं पुढे सांगितलं आहे: दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. चारातल्या दोन मनाच्या, दोन शरीराच्या. वाईट बातमीचा फोन आला की हात थरथरतात, श्वास वर वर चालतो, हे कोणालाही पटेल. श्वासातून मनाकडे जाण्याची वाट इथूनच निघते.

उपायही एकच नाही, अनेक दिले आहेत. श्वास बाहेर सोडून तो रोखणं हा एक. दुसरा उपाय लोकांशी वागण्याचा आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, चांगलं काम करणाऱ्याविषयी आनंद आणि वाईट वागणाऱ्याविषयी उपेक्षा. उपेक्षा म्हणजे अन्याय निमूट सोसणं नव्हे. बांधाच्या वादातली भाऊबंदकी किंवा ऑफिसातला खवचट माणूस रात्री अंथरुणापर्यंत सोबत न नेणं, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. आसनांपेक्षा हे अवघड आहे, आणि योगवर्गांत याचा उल्लेख क्वचितच होतो.

बडोद्यातले तीन दिवस

रोजचा सराव संकटात कसा कामी येतो याचं एक नोंदलेलं उदाहरण बडोद्यातलं आहे. अरविंद घोष १८९३ पासून बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. १९०५ च्या सुमारास त्यांनी प्राणायाम सुरू केला आणि तो रोज कित्येक तास केला. सुरत काँग्रेसनंतर, जानेवारी १९०८ मध्ये, बडोद्यातच त्यांची विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याशी भेट झाली. एका खोलीत बसून, बाहेरून येणारे विचार बघायचे आणि ते मनात शिरण्याआधीच दूर फेकायचे, असा लेल्यांचा साधा उपाय होता. तीन दिवसांत मन शांत झालं, असं अरविंदांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

चारच महिन्यांत, मे १९०८ मध्ये, त्यांना अलीपूर खटल्यात अटक झाली. वर्षभर तुरुंग, त्यातला बराच काळ एकांतकोठडी. आपल्याकडे ही गोष्ट सांगताना मधला भाग गाळला जातो. ‘काराकाहिनी’ या बंगाली आठवणींत त्यांनी लिहिलं आहे, की एकांताच्या सुरुवातीच्या दिवसांत मन पार बेलगाम झालं होतं, माणूस कोठडीत वेडा कसा होतो ते तेव्हा कळलं. म्हणजे इतक्या सरावानंतरही मन हललं. फरक एवढाच, की हललेलं मन परत जागेवर आणायची वाट त्यांना माहीत होती. मे १९०९ मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली.

शरीरात काय घडतं

योगाची प्रयोगशाळेत तपासणीही बडोद्याशीच जोडलेली आहे. डभोईत जन्मलेले, बडोद्यात माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात उड्डियान आणि नौलीचे प्रयोग केले. १९२४ मध्ये लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम स्थापन केलं.

श्वासाचं गणित सोपं आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात. सोडण्याचा वेळ लांबवला की शरीराला विश्रांतीकडे नेणारी ‘व्हेगस’ ही नस जास्त काम करते. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. २००१ साली इटलीतील संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २३ निरोगी माणसांवरचा अभ्यास छापला. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना असो की ‘ॐ मणि पद्मे हुम्’, दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय व रक्तदाबाची लय सुधारली. गोव्यातला संध्याकाळचा तेर्स किंवा बेळगावातल्या वारकरी घरातला हरिपाठ कोणी त्यात मोजला नव्हता. पण दिवस जड गेला की जुनी माणसं जपाला का बसतात, याचं निदान एक कारण इथे सापडतं.

सुरुवात

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. जेवणानंतर तीन-चार तासांनी किंवा सकाळी, सोसतील तेवढे सूर्यनमस्कार, मग अनुलोम-विलोम, पाच-सात वेळा भ्रामरी आणि शेवटी शवासन. चार आकडे घेताना, सहा सोडताना, एवढं धरलं तरी श्वास सहावर येतो. शवासन गुंडाळू नये. घाईची माणसं नेमकं तेच गाळतात.

रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी श्वास रोखू नये, कपालभातीसारख्या जोराच्या क्रिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. डोळे मिटून बसल्यावर जुनी घटना अंगावर येत असेल, घाबरायला होत असेल, तर डोळे उघडे ठेवून हालचालीची आसनं करावीत. तासन् तास ध्यान अशा वेळी उलटतं.

पुरत नाही तिथे

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, कशातच मन न लागणं, मरणाचे विचार, कानात आवाज येणं, यावर योग हा उपचार नव्हे. ‘योग कर, सगळं नीट होईल’ म्हणत घरचे महिनोन् महिने घालवतात, आणि प्राणायाम सुरू केला म्हणून चालू गोळ्या परस्पर बंद करतात. यात जीव जातात. योग औषधासोबत चालतो, औषधाच्या जागी नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाची आणखी एक अडचण असते. व्यवहार कन्नड, हिंदी किंवा तेलुगूत होतो, पण मनातलं त्या भाषेत सांगता येत नाही. ‘आत कालवाकालव होते’ हे डॉक्टरांना कसं सांगायचं? दोन्ही भाषा येणारं घरचं कोणीतरी पहिल्या भेटीला सोबत न्यावं. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, भाषा निवडताना मराठी मागता येते. सरकारी उपचारासाठी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांना धारवाडची डिमहान्स जवळ पडते. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, इंदुरात बाणगंगा, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, बडोद्यात करेलीबाग आणि हैदराबादेत एरागड्डा येथे सरकारी रुग्णालयं आहेत.