देव बदलले, खांब राहिले

रोम, सिराक्यूज आणि अथेन्स येथील प्राचीन मंदिरांची चर्च कशी झाली, त्या बदलात काय वाचले आणि काय गेले, याविषयी हा धागा.

१.
रोमच्या प्राचीन फोरममध्ये एक चमत्कारिक दार आहे. सम्राट अँटोनायनस पायस याने आपली दिवंगत पत्नी फॉस्टिना हिच्या स्मरणार्थ इ.स. १४१ मध्ये एक मंदिर उभारायला घेतले. त्याचे दहा उंच संगमरवरी खांब आजही जागेवर आहेत. खांबांच्या मागे मात्र बरोक शैलीतील चर्चची दर्शनी भिंत दिसते आणि त्या भिंतीत, जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर, एक दार अधांतरी लटकलेले आहे. तिथपर्यंत नेणारी एकही पायरी नाही.

२.
दार चुकीच्या जागी बसवलेले नाही. जमीनच खाली गेली आहे. साम्राज्य ढासळल्यावर फोरमची निगा संपली. पडझडीचा राडारोडा आणि पुराचा गाळ शतकानुशतके साचत गेला. मध्ययुगात या मंदिराच्या पोटात सान लोरेंझो इन मिरांडा हे चर्च झाले. १६०२ च्या सुमारास त्याची नवी दर्शनी बाजू बांधली गेली, तेव्हा लोक या भरावावरून चालत सरळ दारात येत. पुढे उत्खननात भराव उपसला गेला, प्राचीन रोमची जमीन उघडी पडली आणि दार हवेत राहिले.

३.
या एका दाराने परदेशातील प्राचीन देवस्थाने कशी पाहावीत याचा धडा मिळतो. फलकावर एक साल असते आणि प्रवासी ते वाचून पुढे जातो. परंतु दीड-दोन हजार वर्षे उभ्या असलेल्या वास्तूला एक साल पुरत नाही. ती कोणी बांधली, हा पहिला प्रश्न. ती नंतर कोणी आणि कशासाठी वापरली, हा दुसरा. आणि आज ती जशी दिसते तशी कोणी ठरवून ‘दाखवली’ आहे, हा तिसरा. तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

४.
आधी पार्श्वभूमी. इ.स. ३९१ मध्ये सम्राट थिओडोसियस याने जुन्या देवांना बळी देण्यास आणि त्यांच्या मंदिरांत पूजेसाठी जाण्यास बंदी केली. मंदिरांचे उत्पन्न आटले, पुजारी पांगले. रिकामी वास्तू म्हणजे आयती दगडखाण. संगमरवर भट्टीत भाजला की उत्तम चुना होतो, त्यामुळे कित्येक मूर्ती आणि स्तंभ चुन्याच्या भट्ट्यांत गेले. ही लूट इतकी वाढली की इ.स. ४५८ मध्ये सम्राट मेजोरियन याला रोममधील जुन्या सार्वजनिक इमारती पाडून दगड नेण्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्याने विध्वंस थांबला नाही.

५.
अशा काळात ज्या वास्तूंना नवा धनी आणि नवा उपयोग मिळाला, त्या तगल्या. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रोमच्या पँथिऑनचे. मंदिरे सम्राटाच्या मालकीची असल्याने पोप चौथा बोनिफेस याला कॉन्स्टँटिनोपलची परवानगी लागली. सम्राट फोकास याने ती दिली आणि इ.स. ६०९ मध्ये पँथिऑन हे कुमारी मेरी व हुतात्म्यांचे चर्च झाले. तिथे आजही प्रार्थना होते. चित्रकार राफाएल आणि एकसंध इटलीचा पहिला राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल यांच्या कबरी याच घुमटाखाली आहेत.

६.
पँथिऑनच्या दर्शनी भागावर ठळक लॅटिन अक्षरांत लिहिले आहे की ही वास्तू मार्कस अग्रिपा याने आपल्या तिसऱ्या कॉन्सलपदाच्या वेळी बांधली. म्हणजे इ.स.पू. २७. शिलालेख खरा आहे, वास्तू मात्र ती नव्हे. अग्रिपाचे मंदिर इ.स. ८० च्या आगीत नष्ट झाले. आजची वास्तू दुसऱ्या शतकातील आहे आणि ती पूर्ण झाली सम्राट हेड्रियनच्या काळात. विटांवरील कारखान्यांच्या शिक्क्यांवरून हे सिद्ध झाले. हेड्रियनच्या काळातील या वास्तूवर नाव अग्रिपाचेच राहिले. कोरीव लेखही नेहमी सरळ उत्तर देत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे शिकावे.

७.
घुमटाचा व्यास सुमारे ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या गोल झरोक्यापर्यंतची उंचीही तेवढीच. लोखंडी सळ्यांविना उभा असलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही नाही. युक्ती मिश्रणात आहे. खाली काँक्रीटमध्ये जड दगडांची खडी, वर जाताना हलकी होत गेलेली खडी आणि माथ्याजवळ सच्छिद्र ज्वालामुखी दगड. तळाशी सुमारे सहा मीटर असलेली जाडी झरोक्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास उरते. झरोक्यातून पडणारे पावसाचे पाणी जमिनीच्या अलगद उतारामुळे छिद्रांतून वाहून जाते.

८.
चर्च झाल्याने पँथिऑनला पूर्ण अभय मिळाले असे मात्र नाही. इ.स. ६६३ मध्ये रोमला आलेल्या सम्राट दुसऱ्या कॉन्स्टन्सने छपराचे कांस्याचे पत्रे काढून नेले. १६२५ च्या सुमारास पोप आठवा अर्बन याने दर्शनी मंडपाच्या छतातील कांस्य उतरवले आणि त्यातील बहुतेक तोफा ओतण्यासाठी वापरले. हा पोप बार्बेरिनी घराण्यातला. रानटी टोळ्यांनी जे केले नाही ते बार्बेरिनींनी केले, अशी टर रोमच्या लोकांनी उडवली. लुटणारे दोघेही ख्रिस्ती सत्ताधीश होते, हे लक्षात ठेवावे.

९.
आता सिसिली बेटावरील सिराक्यूज. इ.स.पू. ४८० मध्ये हिमेराच्या लढाईत कार्थेजचा पराभव झाल्यावर सिराक्यूजचा सत्ताधीश गेलोन याच्या काळात अथेना देवीचे डोरिक शैलीतील मंदिर उभे राहिले. पुढे व्हेरेस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने त्याच्या दारांवरील सोने व हस्तिदंत लुटले. सिसेरोने इ.स.पू. ७० मध्ये व्हेरेसविरुद्ध जो खटला चालवला, त्यात या लुटीची नोंद आहे. सातव्या शतकात बिशप झोसिमस याच्या काळात या मंदिराचे चर्च झाले.

१०.
हे रूपांतर बांधकामाच्या दृष्टीने फार सुंदर आहे. ग्रीक मंदिरात देवता गाभाऱ्यात असे आणि लोक बाहेर, वेदीपाशी जमत. ख्रिस्ती उपासनेत लोकांना आत जमावे लागते. म्हणून कारागिरांनी मंदिर जणू उलटे केले. बाहेरच्या खांबांमधील मोकळ्या जागा भिंतीने भरून काढल्या, आणि गाभाऱ्याच्या बंद भिंतींत दोन्ही बाजूंना कमानी कापल्या. बाहेरचे आत आले आणि आतले खुले झाले. ग्रीक मंदिराचे दार पूर्वेला असे. चर्चची वेदी पूर्वेला आली आणि दार पश्चिमेला गेले.

११.
इ.स. ८७८ मध्ये अरबांनी सिराक्यूज जिंकले, अकराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मनांनी. १६९३ च्या भीषण भूकंपानंतर अठराव्या शतकात आंद्रेआ पाल्मा याच्या आराखड्यानुसार नवी बरोक दर्शनी बाजू उभी राहिली. समोरच्या चौकातून पाहणाऱ्याला हे अठराव्या शतकातील चर्च वाटते. बाजूच्या गल्लीत वळले की भिंतीत चिणलेले अडीच हजार वर्षांपूर्वीचे डोरिक खांब दिसतात. म्हणून कोणत्याही प्राचीन देवस्थानाला बाहेरून एक प्रदक्षिणा अवश्य घालावी.

१२.
रोममध्ये कोलोसियमजवळचे सान क्लेमेंते हे चर्च काळाचे थर वरून खाली दाखवते. रस्त्यालगत बाराव्या शतकातील चर्च. त्याखाली चौथ्या शतकातील चर्च, जे भराव घालून नव्याचा पाया केले गेले. त्याच्याही खाली प्राचीन रोमन इमारती आणि मिथ्र देवाचे उपासनागृह, त्यात सहभोजनासाठी दगडी बाके आणि वेदीवर बैल मारणाऱ्या मिथ्राचे शिल्प. आयरिश धर्मगुरू जोसेफ मुलूली यांनी १८५७ मध्ये उत्खनन सुरू केले, तेव्हा हे खालचे जग उजेडात येऊ लागले.

१३.
आता या कथेची कडू बाजू. अथेन्सचे पार्थेनॉन इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात बांधले गेले. पाचव्या-सहाव्या शतकात त्याचे चर्च झाले, म्हणून ते टिकले. परंतु वेदीमागची अर्धगोल भिंत बांधताना पूर्वेकडील त्रिकोणी शिखरपट्टीतील मधली शिल्पे गेली. तीन बाजूंच्या चौकोनी शिल्पपटांवरील बहुतेक आकृती छिन्नीने खरवडल्या गेल्या. हे काम ख्रिस्ती काळातील असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जतन आणि नाश एकाच हातांनी झाला.

१४.
१४५८ नंतर, ऑटोमन राजवटीत, पार्थेनॉन मशीद झाले. तरीही वास्तूचा मुख्य सांगाडा उभाच होता. १६८७ च्या युद्धात ऑटोमन सैन्याने आत दारूगोळा साठवला. २६ सप्टेंबर रोजी मोरोसिनीच्या व्हेनेशियन सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला आणि मधला भाग उडाला. दोन हजार वर्षांत तीन धर्मांनी जे पाडले नाही, ते एका स्फोटाने पाडले. उपासनेची जागा कोठार झाली, तेव्हा तिचे अभय संपले.

१५.
स्वतंत्र ग्रीसने एकोणिसाव्या शतकात अक्रोपोलिसवरून ‘नंतरचे’ सारे हटवले. स्फोटानंतर पार्थेनॉनच्या आत बांधलेली लहान मशीद १८४० च्या दशकात गेली. मध्ययुगीन फ्रँकिश मनोरा १८७५ मध्ये पाडला गेला, खर्च ट्रॉयचा उत्खनक श्लीमान याने दिला. पँथिऑनवरील सतराव्या शतकातील दोन घंटामनोरेही १८८३ मध्ये उतरवले गेले. आज जे ‘शुद्ध’ प्राचीन रूप दिसते, ते अशा निवडीतून घडलेले आहे. पार्थेनॉन जवळजवळ हजार वर्षे चर्च होते, याची खूण म्हणून खांबांवर कोरलेले दोनशेहून अधिक ख्रिस्ती लेख तेवढे उरले.

१६.
हा निर्णय योग्य की अयोग्य, यावर अभ्यासकांत वाद आहे. तो हटवणाऱ्यांना वाटला तितका सोपा नव्हता, हे मात्र निश्चित. एखाद्या वास्तूचा कोणता काळ ‘खरा’ मानायचा हे ठरवताच बाकीच्या काळांतील माणसे इतिहासातून वजा होतात. पाडलेला थर पुन्हा उभारता येत नाही. वाद पुढच्या पिढीला करता यावा, एवढ्यासाठी तरी पुरावा जागेवर असावा लागतो.

१७.
परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चालू चर्चमध्ये खांदे व गुडघे झाकलेले असावेत. प्रार्थनेच्या वेळी फिरणे आणि छायाचित्रे काढणे टाळावे. आत शिरण्यापूर्वी मागची व बाजूची भिंत पाहावी. भिंतीत अडकलेला खांब, बुजवलेली कमान, रस्त्याहून खाली किंवा वर असलेले दार आणि एकमेकांशी न जुळणारे खांब शोधावेत. पुनर्वापराच्या या खुणा आहेत. फलकावरील साल त्यानंतर वाचावे आणि ते नेमके कोणत्या थराचे आहे, हे विचारावे.

#इतिहास #वास्तुकला #रोम #धागा