नुकसान कोणाच्या खाती?

क्रेडिट कार्डाच्या सुरक्षिततेचा इतिहास बहुधा कुलपांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: चुंबकीय पट्टी, चिप, सांकेतिक लिपी, ओटीपी. प्रस्तुत लेखात तो दुसऱ्या बाजूने पाहायचा आहे. चोरी झाल्यावर तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न कुलपांपेक्षा जुना आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा.

सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डे टपालाने घरोघर धाडली. कोणी मागितली नव्हती, कोणी अर्ज केला नव्हता. योजना राज्यभर पसरली तेव्हा ४ टक्के खाती थकतील असा बँकेचा अंदाज होता. थकली २२ टक्के. कार्डे चोरीला जाऊ लागली, बनावट खरेदी होऊ लागली, आणि करारातली अट अशी की कार्डावरचा सगळा खर्च, चोराने केलेलासुद्धा, कार्डधारकानेच भरायचा! अखेर १९७० मध्ये अमेरिकी काँग्रेसने न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी घातली आणि चोराच्या खरेदीपैकी ग्राहकावर जास्तीत जास्त ५० डॉलरचा बोजा ठेवला. उरलेले नुकसान बँकांच्या गळ्यात पडले.

याचा परिणाम काय झाला, हे रॉस अँडरसन या केंब्रिजच्या संगणकतज्ज्ञाने १९९३ मध्ये एटीएमच्या संदर्भात दाखवले. पैसे ग्राहकानेच काढले हे सिद्ध करण्याची जबाबदारी अमेरिकेत बँकेवर होती. ब्रिटनमध्ये ‘आमची यंत्रणा चुकत नाही’ एवढे सांगून बँका मोकळ्या होत. सुरक्षेत ढिलाई झाली ती ब्रिटनमध्ये. ज्याच्या खिशाला चाट बसत नाही तो कशाला कडी लावील?

११ ऑगस्ट १९९४ रोजी फिलाडेल्फियातल्या एका ग्राहकाने नेटमार्केट या संकेतस्थळावरून स्टिंग या गायकाची सीडी १२ डॉलर ४८ सेंटला (टपालखर्च वेगळा) घेतली. कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात गेला. पुढच्याच वर्षी नेटस्केपचे ‘एसएसएल’ आले. पत्त्याच्या पट्टीतले छोटे कुलूप त्याचेच वारस. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी १९९६ मध्ये ‘सेट’ ही अधिक पक्की पद्धत जाहीर केली. तिच्यात दुकानदाराला क्रमांक दिसतच नसे. पण ग्राहकाने वेगळे सॉफ्टवेअर बसवायचे, प्रमाणपत्र मिळवायचे, एवढा खटाटोप कोण करणार? कायद्याने ५० डॉलरची मर्यादा दिलेली असताना तर मुळीच नाही. ‘सेट’ बारगळली. दुकानदाराकडे क्रमांक साठू नये ही तिच्यातली कल्पना मात्र भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून ‘टोकन’च्या रूपाने सक्तीची झाली.

भारताची वाट वेगळी. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन व्यवहारात कार्डावर छापलेली नसलेली एखादी माहिती विचारणे बंधनकारक केले. पुढे ओटीपी रूढ झाला. कुलूप उत्तम, पण किल्ली ग्राहकाच्या मोबाइलवर. मग चोरांनी कुलूप फोडण्याचा नाद सोडला आणि सरळ फोन करून किल्ली मागू लागले. ‘तुमचे कार्ड बंद होतेय’ म्हणताच घाबरून आकडे सांगणारे निवृत्त गृहस्थ प्रत्येक हाउसिंग सोसायटीत भेटतील. त्यांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे.

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हा वाद मांडून ठेवला आहे. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसरीकडचा असेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकाला भुर्दंड शून्य. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. तक्रारीनंतर जाईल ते बँकेचे. म्हणून बँकेने संदेश कधी पोहोचवला आणि ग्राहकाचे उत्तर कधी आले, याची तारीख व वेळ नोंदवणेही त्याच परिपत्रकाने बँकांना बंधनकारक केले.