जुनी गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, ‘मिसिंग’ करते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील वाड्यावाड्यांवर, तसेच सीमेपलीकडे बांदा-दोडामार्ग पट्ट्यात मारुती ८००, ओम्नी यांसारख्या जुन्या पेट्रोल गाड्या अजून रोजच्या वापरात आहेत. १९८३ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, ओम्नीचे २०१९ मध्ये. तरीही रात्री-अपरात्री आजारी माणसाला म्हापशाला किंवा बांबोळीला न्यायचे झाले, की अनेक घरांत दारातली हीच गाडी कामाला येते. ती सेल्फ मारताच सुरू होणे ही हौस नव्हे, गरज आहे.

अशा गाडीने त्रास दिला की बहुतेक वेळा अंदाजाने पार्ट बदलले जातात. आधी प्लग, मग कॉइल, मग कार्बोरेटर. हजारो रुपये जातात आणि शेवटी दोष निघतो एका तडकलेल्या प्लग वायरमध्ये. हे टाळायचे असेल तर एकच नियम पाळावा: गाडी नेमकी ‘केव्हा’ बिघडते ते आधी पाहावे आणि स्वस्त, सोप्या गोष्टीपासून तपासणी सुरू करावी.

गाडी केव्हा बिघडते?

- सेल्फ मंद फिरतो किंवा नुसता ‘टक्’ आवाज येतो: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग.
- पावसात किंवा दमट सकाळी सुरू होत नाही, ऊन पडल्यावर होते: प्लग वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप.
- थंड इंजिन सुरू होत नाही, गरम झाल्यावर ठीक: चोक, जुने पेट्रोल, कमजोर ठिणगी.
- गरम इंजिन बंद केले की पुन्हा लागत नाही: कॉइल, ओव्हरफ्लो, व्हेपर लॉक.
- आयडलिंगला थरथरते, रेस दिली की सुधारते: कुठून तरी जादा हवा आत जाते किंवा आयडल जेट चोकअप.
- आयडलिंगला ठीक, चढावर मिसिंग: फ्युएल फिल्टर, पेट्रोल पंप, प्लग.

आधी बॅटरी

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली चार्ज बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.५ दरम्यान हवा. तो वाढत नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी भागांत खाऱ्या हवेमुळे टर्मिनलवर आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीवर गंज लवकर चढतो. ते घासून, घट्ट आवळून घेतले तरी कित्येक गाड्या सुरू होतात.

मग ठिणगी

सेल्फ जोरात फिरतो, तरी गाडी लागत नाही, तेव्हा पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. या दमट हवेत जुन्या प्लग वायरींतून आणि कॅपच्या बारीक चिरांतून करंट बाहेर निसटतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. दिसल्या की निदान झाले. कॅप काढून कोरड्या कापडाने आतून पुसावी. आत काळी रेघ किंवा चीर असेल तर कॅप आणि रोटर दोन्ही बदलावेत. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंट जळलेले नाहीत ना, तेही पाहावे.

प्लगचा रंगही बरेच सांगतो. फिका तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पेट्रोलने ओला म्हणजे त्या सिलिंडरला ठिणगी नाही. ऑइलने ओला म्हणजे रिंग किंवा वॉल्व्ह सीलचा प्रश्न. पांढरा पडलेला म्हणजे पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापते. मारुती ८०० सारख्या इंजिनात प्लगचा गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात.

पेट्रोल पोहोचते का?

घरचा माणूस बोटीवर किंवा आखातात असला की गाडी महिनोन्महिने उभी राहते. जुन्या पेट्रोलचा लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि थंड इंजिन लागत नाही. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. फेब्रुवारी २०२३ पासून ते टप्प्याटप्प्याने देशभर आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी जास्त झाले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. ते टाकीतला जुना गाळही सुटा करते, म्हणून फिल्टर लवकर तुंबतो. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. पाइप फुगलेला, मऊ किंवा भेगाळलेला दिसला तर लगेच बदलावा. ही आगीची जागा आहे.

मे महिन्याच्या उन्हात थांबलेली गाडी पुन्हा लागत नसेल तर पाइपमध्ये पेट्रोलची वाफ धरलेली असू शकते. त्याच वेळी ठिणगी तपासावी. ठिणगी नसेल तर गरम होऊन बसणारी कॉइल दोषी. ठिणगी असेल तर पंधरा-वीस मिनिटे बॉनेट उघडून ठेवावे, पंपावर ओले फडके टाकावे. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर ओव्हरफ्लो झाला आहे. चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. पुन्हा पुन्हा पंप करू नये.

हवा: कमी की जास्त?

डिचोली, मये, साखळी भागांतील खनिज वाहतुकीचा लाल धुरळा एअर फिल्टर लवकर भरतो. गाडी काळा धूर सोडते, ॲव्हरेज पडते. अशा रस्त्यांवर पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता फिल्टर उघडून पाहावा.

उलट प्रकार म्हणजे फाटका व्हॅक्युम पाइप किंवा कार्बोरेटरखालचे सैल गॅस्केट. याची बिनखर्ची चाचणी चोकने होते. गरम इंजिन आयडलिंगला थरथरत असताना चोक थोडा ओढावा. थरथर कमी झाली तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे. वाढली तर आधीच पेट्रोल जास्त आहे. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत धोक्याची आहे, ती टाळावी.

कोणता सिलिंडर मरतो?

मारुती ८०० ला तीनच सिलिंडर. एक बंद पडला तरी सगळी गाडी हलते. कार्बोरेटरवाल्या गाडीत अनुभवी मेकॅनिक इन्सुलेटेड पक्कडीने एकेक प्लग वायर क्षणभर काढून पाहतो. वायर काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतो. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. या वायरींत हजारो व्होल्ट असतात, म्हणून हौसेने हात घालू नये. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर दूरच राहावे. तिथला प्लग आणि वायर दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष त्यांच्याबरोबर सरकला तर पार्ट खराब. जागचा हलला नाही तर टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी भरले तरच हेड उघडण्याचा विचार करावा.

एमपीएफआय गाडी असेल तर

२००० सालानंतरच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही. चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज आणि रिले पाहावेत. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात, तेही तपासावे. चेक इंजिनचा दिवा पेटला असेल तर आधी कोड वाचून घ्यावा, मग सेन्सर बदलावा. मिसिंग करणारी अशी गाडी धक्का मारून वारंवार सुरू करू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते.

पीयूसीची चिठ्ठी फेकू नका

पीयूसीच्या कागदावरचे आकडेही निदानाला मदत करतात. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जादा जाते. एचसी जास्त म्हणजे बहुधा मिसिंग होऊन पेट्रोल न जळता बाहेर पडते. भारत स्टेज दोनपूर्वीच्या चारचाकीला सीओची मर्यादा ३ टक्के, तर भारत स्टेज दोन व तीनच्या पेट्रोल गाड्यांना ०.५ टक्के आहे. मागच्या आणि आताच्या चिठ्ठीची तुलना केली तर बिघाड वाढतो आहे का ते कळते.

गॅरेजला जाताना

नुसते ‘गाडी बरोबर चालत नाही’ असे सांगू नये. थंड असताना की गरम, पावसात की उन्हात, आयडलिंगला की चढावर, शेवटचे पेट्रोल कधी भरले, धूर कसला येतो, एवढे कागदावर लिहून न्यावे. बदललेले जुने पार्ट परत मागून घ्यावेत. आणि एका वेळी एकच पार्ट बदलून गाडी चालवून पाहावी. तीन पार्ट एकदम बदलले तर गाडी सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी खर्च पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.