शनिवारच्या मनुका

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला की शनिवारी दिवेलागणीला आजी कल्हईच्या पातेल्यात मनुका भिजत घालायची. काळ्या, बियांच्या, नगरच्या बाजारातून मुद्दाम आणलेल्या. पहाटे उठून ती त्या हाताने कुस्करायची, एक उकळी द्यायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. फडकं पिळताना तिच्या मनगटापर्यंत जांभळे ओघळ यायचे. खाली राहिलेला चोथा आम्हा नातवंडांचा. गाळलेला रस बाटलीत भरून आजोबा देवळात न्यायचे. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो, अजूनही घरात तोच शब्द आहे.

आजोबा मंडळीचे पंच होते. देवळाच्या कपाटात लाकडी ट्रे असायचे, त्यांना गोल भोकं आणि प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा काचेचा ग्लास. त्या ग्लासांत तो रस ओतला जायचा आणि बाकावर बसल्या जागी प्रत्येकाच्या हाती यायचा. वाइन नाहीच. अमेरिकन मिशनऱ्यांचा दारूवर राग होता आणि तो राग आजोबांनी धर्माइतकाच निष्ठेने सांभाळला होता.

गंमत अशी की तो रस करणारी बाई स्वतः त्या पंथातली नव्हती. आजी माहेरची एस.पी.जी.ची, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची. तिच्या माहेरच्या देवळात खरा द्राक्षारस आणि सगळ्यांना मिळून एकच चांदीचा प्याला. वेदीसमोर कठड्याशी गुडघे टेकायचे, पाद्रीसाहेब ओळीने प्याला ओठांशी धरत जायचे, मध्ये पांढऱ्या रुमालाने कड पुसायचे. मनुका कुस्करताना आजी हमखास म्हणायची, "तुमच्यात आपलं सरबत. आमच्यात प्याला असतो." लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तिचं 'आमच्यात' माहेरीच राहिलं होतं.

एकाच जिल्ह्यात, एकाच येशूच्या नावाने हे 'तुमच्यात' आणि 'आमच्यात' आलं कुठून, ते मला आजोबांनी नकाशा काढून सांगितलं होतं. नकाशा म्हणजे अंगणातल्या मातीत काटकीने मारलेल्या रेघा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईला उतरले 1813 साली. नगरला त्यांच्या मिशनने ठाण मांडलं ते 1831च्या डिसेंबरात. मग बाकीचे आले आणि आपापली शेतं धरून बसले. नाशिकजवळ शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी. पुण्याला आणि जालन्याला स्कॉटलंडचे. नागपूरला हिस्लॉपसाहेब, तेही स्कॉटिशच. कोल्हापूर, सांगली, मिरज हा टापू अमेरिकन प्रेसबिटेरियनांचा. अकोला-खानदेशाकडे अलायन्स, डहाणूला ब्रदरन. एकाने दुसऱ्याच्या शेतात नांगर घालायचा नाही, असा मिशनांचा आपसातला समझोता. त्यामुळे झालं असं, की माणूस कुठल्या तालुक्यात जन्मला त्यावर त्याचं ईश्वरज्ञान ठरू लागलं. मिरजेचा ख्रिस्ती वडीलमंडळ मानणारा आणि शरणपूरचा बिशप मानणारा, यात त्या दोघांनी काही विचार करून निवडलं होतं असं नाही. विचार केला होता तो स्कॉटलंडात आणि बॉस्टनमध्ये, दोनतीनशे वर्षांपूर्वी, भलत्याच राजांशी भांडताना.

नगरात मात्र बांध मोडला. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत एस.पी.जी.वाले अमेरिकनांच्या शेतात आले आणि काही गावं तिकडे गेली. आजोबा हे सांगताना काटकी जोरात दाबायचे. "आमची माणसं नेली," म्हणायचे. आतून आजीचा आवाज यायचा, "नेली नाहीत, आली." या दोन क्रियापदांवर आमच्या घरात अख्खं चर्च-इतिहासाचं प्रकरण उभं होतं.

त्यांचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बरीच कुरकुर केली. शेवटी आजोबांची नोकरी शाळामास्तरची म्हणून जमलं. पण एक गोष्ट राहून गेली. बिशपने डोक्यावर हात ठेवून ज्याचं दृढीकरण केलेलं नाही, त्याला इंग्लंडच्या चर्चमध्ये प्रभुभोजन नाही, असा नियम. आजोबांचं कुठलं दृढीकरण! त्यांच्याकडे बिशपच नव्हता. मंडळीच्या लोकांनी मिळून पाळक निवडायचा, देवापुढे सगळे सारखे, हा त्यांच्या काँग्रिगेशनल घराण्याचा बाणा. त्यामुळे नाताळात सासरवाडीला गेलं की आजी कठड्याशी गुडघे टेकायला पुढे जायची आणि आजोबा बाकावर बसून राहायचे. टोपी मांडीवर, नजर खिडकीबाहेर. लहानपणी मला वाटायचं, त्यांचे गुडघे दुखतात.

आजी तिच्या सासरच्या देवळात ग्लास घ्यायची, पण तिला तो कधी आवडला नाही. का, ते तिने मला बऱ्याच उशिरा सांगितलं, मी कॉलेजात असताना. आजोबांनी ही गोष्ट कधीच सांगितली नाही.

तिच्या माहेरच्या गावात ख्रिस्ती झालेले लोक दोन वाड्यांतले होते, महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले. बाप्तिस्मा दोघांनी घेतला, नावं दोघांनी बदलली, पण पाणी बदललं नाही. या वाड्यातला त्या वाड्यात पाणी प्यायचा नाही. देवळात बसायचे तेही दोन बाजूंना. आणि मग यायचा प्याला. कठड्याशी जो जिथे टेकला तिथे टेकला, पाद्रीसाहेब काही वाडा बघून फिरत नसत. ज्याच्या हातचं पाणी चालत नाही, त्याच्या ओठांना लागलेल्या चांदीला ओठ लावायचे. आजीच्या लहानपणी एक म्हातारा याच कारणाने शेवटपर्यंत कठड्याशी गेला नाही. आणि तिची आई दर वेळी मुद्दाम त्या बाजूच्या बायांच्या शेजारी, त्यांच्यानंतर प्याला येईल अशा बेताने टेकायची. "घरी येऊन चूळ भरायची का ती?" मी विचारलं. आजी म्हणाली, "पहिल्यांदा भरली होती. मीच तांब्या दिला होता."

छोटे ग्लास निघाले ते जंतूंच्या भीतीने, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला, तिकडे अमेरिकेत. हे मी आजीला ज्ञान दिलं. ती म्हणाली, "असेल. पण आपल्याकडे ते काही जणांना फार सोयीचे पडले."

तेव्हापासून मला वाटत आलं आहे की पंथ आपण साहेबाकडून उसने घेतले, जात मात्र घरून नेली. पंथ मिटवायला परिषदा भरल्या, मसुदे झाले. दुसऱ्या गोष्टीचा मसुदा अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही.

एकाने परिषदेची वाट पाहिली नव्हती. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षं काढली आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उघडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही येशूभक्त चालणार होते. दोनच वर्षांत, 1919च्या मे महिन्यात, टिळक गेले आणि दरबार पुढे वाढला नाही. आजोबांच्या वडिलांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. त्यांना टिळक पटले, दरबार पटला नाही. "सगळेच आत, तर मग दार कशाला?" असं ते म्हणत. आजीचं मत उलट. तिच्या माहेरी आणि सासरी एकाच चालीत म्हटलं जाणारं जे काही होतं, ते बहुतेक टिळकांच्या भजनांतलं होतं. झांज-मृदंगाला काही दृढीकरण लागत नाही.

कागदावरचं काम हळूहळू चाललं होतं. 1924 साली प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल एक झाले. त्यात आमचं नगरही गेलं, पण आजोबा मरेपर्यंत 'अमेरिकन मिशन'च म्हणत. 1929 साली उत्तरेतल्या चर्चसंस्थांची मोठी बोलणी सुरू झाली आणि ती चालली एकेचाळीस वर्षं. मधल्या काळात दक्षिणेने बाजी मारली; 27 सप्टेंबर 1947 रोजी, देश स्वतंत्र होऊन दीड महिना होतो न होतो तोच, मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया उभी राहिली. उत्तरेचं घोडं दोन ठिकाणी अडत होतं, पाण्यावर आणि हातांवर.

पाण्याचं असं, की बाप्टिस्ट, डिसायपल्स आणि ब्रदरन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या माणसाने स्वतः विश्वास बोलून दाखवायचा आणि पाण्यात पूर्ण बुडायचं. ब्रदरनमध्ये तर तीनदा, पुढे वाकून. बाकीचे बाळाच्या कपाळावर पाणी घालणारे. तोड निघाली ती अशी की दोन्ही रीती चालतील, आईबापांनी ठरवावं. मग लहानपणी पाणी घातलेल्याने मोठेपणी पुन्हा बुडायचं म्हटलं तर? यावर म्हणे सगळ्यांत जास्त शाई गेली.

हातांचं जास्त अवघड. प्रेषितांपासून बिशपांच्या हातांची जी साखळी चालत आली, तिच्यातून ज्याच्या डोक्यावर हात आला तोच पुरता पाळक, असं अँग्लिकनांचं म्हणणं. मग आजोबांच्या मंडळीचे पाळक आयुष्यभर काय करत होते? त्यांच्या डोक्यावर बिशपने हात ठेवायचा म्हणजे आधीचं सगळं कच्चं होतं असं कबूल करायचं. दक्षिणेने जुने जसे आहेत तसे ठेवले आणि पुढचे सगळे बिशपांच्या हातचे केले. उत्तरेने वेगळं काढलं. सगळ्यांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे, बिशपांनी यांच्या आणि यांनी बिशपांच्या, आणि कुणात काय उणं आहे ते देवाने भरून काढावं अशी प्रार्थना करायची. ही पुन्हा दीक्षा आहे की नाही? ते मुद्दाम सांगायचं नाही. कज्जेदलाल याला पळवाट म्हणतील. मला त्यात आमच्या घरातली रीत दिसते. 'नेली' की 'आली' याचा निकाल लागला असता तर त्यांचा संसार चालला नसता.

29 नोव्हेंबर 1970, रविवार. नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्चसंस्था एक होणार होत्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च (म्हणजे 1924 साली एक झालेली आमची), बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. आजोबा प्रतिनिधी वगैरे नव्हते. चौसष्टाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने निघाले. नगरहून मनमाड, मनमाडला गाडी बदलून भुसावळमार्गे नागपूर. आजीने ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि धाबळी दिली होती. मी तेव्हा बारा वर्षांचा. मला न नेल्याबद्दल मी दोन दिवस रुसलो होतो.

परतले ते संत्र्यांची पाटी घेऊन. ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. मांडव, गर्दी, किती भाषांतल्या प्रार्थना. एका पांढऱ्या दाढीच्या बिशपच्या डोक्यावर आपल्यासारख्याच धोतर-कोटवाल्या पाळकाने हात ठेवला तेव्हा बिशपने मान खूप खाली घातली होती, हे त्यांनी मान घालून दाखवलं. आजी संत्रं सोलत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "मग आता ग्लास की प्याला?"

"दोन्ही," आजोबा म्हणाले.

त्या नाताळात आम्ही तिच्या माहेरी गेलो. देवळात गवती चहा आणि मेणबत्तीचा मिळून वास. प्रभुभोजनाची वेळ आली, आजी उठली, आजोबा बसून राहिले. सवयीने, मला वाटतं. ती चार पावलं गेली, थांबली आणि मागे वळून बघत राहिली. सगळं देऊळ थांबलं. मग आजोबांनी टोपी माझ्या मांडीवर ठेवली आणि उठले. कठड्याशी टेकताना त्यांना हाताचा आधार लागला. गुडघे खरंच दुखत होते. त्यांच्या डाव्या हाताला आजी होती आणि उजव्या हाताला एक अनोळखी म्हातारी, फाटक्या पण धुवट लुगड्यातली. प्याला तिच्याकडून त्यांच्याकडे आला. वाइन होती. आजोबांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना.

पुढचं सगळं काही गोड नाही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, ज्यांची संख्या मोठी होती, अगदी शेवटच्या क्षणी मागे सरले. 1981 साली त्यांनी आपली मेथडिस्ट चर्च इन इंडिया वेगळी केली. ब्रदरनांतला एक गट नंतर बाहेर पडला आणि मालमत्तेचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आमच्या ओळखीच्या एका मंडळीत तर एका देवळाला दोन कुलपं लागलेली मी पाहिली आहेत, एकावर एक. रोमन कॅथलिक तर या हिशेबात नव्हतेच. तरी हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आजी दर सप्टेंबरात 'श्रीरामपूरला बहिणीकडे' म्हणून जायची. श्रीरामपूरला तिची बहीण नव्हती.

आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. तरुण होते, दोन्हीकडच्या भांडणांपैकी त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लहानशा पेटीत छोटा चांदीचा प्याला होता. आधी आजीने घोट घेतला, मग तिनेच तो आजोबांच्या ओठांशी धरला. त्यांनी जीभ टाळूवर फिरवली.

"मनुकांचं नाही," ते म्हणाले.

"नाही. विकतचं आहे," पाळकसाहेब जरा ओशाळून म्हणाले.

आजीने प्याल्याची कड पदराने पुसली आणि तो त्यांच्या हाती परत दिला. "पुढच्या वेळी आदल्या दिवशी सांगून ठेवा," ती म्हणाली, "मी भिजत घालीन."